पांढरी दोनचा सा

वहीच्या शेवटच्या पानावर नुसते आकडे होते.

२ ३ ४, ४ ३ २.
६ ७ ६ ५, ४ ३ २.

अशा आठ-दहा ओळी. वर आजोबांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं : ‘नावाड्याचं पद. पश्चात्तापाचं. सावकाश घ्यावं.’ आणि खाली कंसात : ‘सगळ्या पांढऱ्या.’

वसूनं पेटीचा भाता हलवला आणि आकड्यांवर बोटं ठेवत गेली. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक ते सात आकड्यांचे कागद चिकटवलेले होते. चार महिन्यांपूर्वी आजोबांनीच ते चिकटवले होते, त्यामुळे चुकायला जागाच नव्हती. तिनं पद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं आणि मान वर केली.

“कसं वाटलं?”

“ऐकून सांगू की मोजून सांगू?” झिल्यानं विचारलं.

“ऐकून.”

“सकाळच्या कवायतीसारखं.”

वसूला रडूच आलं. कारण तिलाही तसंच वाटलं होतं. पश्चात्तापाचं पद म्हणे, आणि ऐकताना वाटत होतं, कुणीतरी डबा घेऊन सहलीला निघालंय! आकडे बरोबर, पट्ट्या बरोबर, चाल सावकाश. मग त्यातलं दुःख गेलं कुठे?

“पुन्हा वाजव,” झिल्या म्हणाला. “माझ्याकडे वेळ आहे. तुझ्याकडे पाच दिवस आहेत.”

पाचच दिवस होते. पण ते का, हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

वसूचं पूर्ण नाव वसुधा केळुसकर. वय अकरा. जन्म चंद्रावरचा. वसुधा म्हणजे पृथ्वी; जी पोर पृथ्वी नुसती खिडकीतून बघणार, तिच्या नावात तरी ती असावी, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. आजोबा म्हणजे डॉ. दिगंबर केळुसकर. नादशास्त्रज्ञ (आवाज कसा जन्मतो, कसा पसरतो याचा अभ्यास करणारे). शशिग्राम वसाहत उभी राहिली तेव्हा भिंतींमधून यंत्रांची घरघर माणसांच्या डोक्यात शिरू नये, ही जबाबदारी त्यांची होती. ती त्यांनी पार पाडली आणि मग उरलेल्या वेळात ते जे मालवणात करत होते तेच इथं करू लागले. कीर्तन.

दर पौर्णिमेला जेवणघरातली टेबलं भिंतीला लागायची. आजोबा उपरणं घेऊन मध्ये उभे राहायचे. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाचं, त्यामुळे रंगात येऊन त्यांनी गिरकी घेतली की पाय जमिनीवर टेकले तरी उपरणं आपलं हवेतच. लहान मुलं त्या उपरण्यासाठी यायची आणि गोष्टीसाठी थांबायची. तबल्याला स्वयंपाकघर सांभाळणारे परुळेकरकाका. पेटीला आणि कळ फिरवून सूर बदलायच्या विजेच्या तंबोऱ्याला झिल्या. तो एरवी हवेच्या गाळण्या साफ करणारा कमरेएवढा यंत्रमानव. पण कीर्तनकाराच्या मागं उभं राहून ध्रुपद म्हणणाऱ्याला झिलकरी म्हणतात, त्यावरून आजोबांनी त्याला झिल्या केलं. आणि वसूकडे होती पाच बटणांची पट्टी. नमन, पूर्वरंग, मध्यंतर, उत्तररंग, भैरवी. आजोबांनी मान हलवली की तिनं पुढचं बटण दाबायचं आणि झिल्यानं ते सूर धरायचे.

चार महिन्यांपूर्वीच्या पौर्णिमेला ग्रहण होतं. पृथ्वीवरच्या लोकांना ते चंद्रग्रहण. चंद्रावरच्या लोकांना मात्र त्या दिवशी पृथ्वी सूर्याच्या पुढ्यात येऊन उभी राहते, सूर्य पूर्ण झाकला जातो आणि काळ्या पृथ्वीभोवती लालभडक कंकण पेटतं. जगातल्या साऱ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा उजेड एका बांगडीत! वसूनं ते कधी पाहिलं नव्हतं. सगळी पोरं उत्तरेच्या काचेशी जाऊन बसली होती. ती एकटी बटणं सांभाळत होती.

आजोबांनी सुरू करण्यापूर्वी तिच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, “वसू, आज शेवटी जरा थांब हं. भैरवीची घाई करू नको.”

“हो आजोबा,” ती म्हणाली होती. आणि मनात म्हणाली होती, आता हे लांबवणार.

आख्यान एका नावाड्याचं होतं. एक म्हातारा भाविक पैलतीरावर देवदर्शनाला जायला निघालेला. पण त्याला चढायला वेळ लागतो म्हणून नावाडी चिडतो आणि त्याला काठावर तसाच सोडून नाव हाकतो. अर्ध्या नदीत गेल्यावर त्याला चुकल्यासारखं होतं. तो वल्हं थांबवतो. नाव वळवतो. आजोबांचा आवाज खाली आला, सारं जेवणघर कान टवकारून बसलं, आजोबा क्षणभर गप्प झाले. त्याच वेळी काचेकडून पोरं ओरडली, “लागलं! लागलं! कंकण लागलं!”

आणि वसूनं भैरवीचं बटण दाबलं.

बोट तिचं होतं. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी खूण केली नव्हती.

आता भैरवी म्हणजे काय, हे कीर्तन ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते सूर निघाले की लोक आपोआप उठून उभे राहतात, हात जोडतात, आरतीचं तबक पुढं येतं. भैरवी झाली की त्या बैठकीत दुसरं काही गायचं नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. झिल्यानं भैरवी धरली, माणसं उठली, कुणीतरी आरतीचा विजेचा दिवा लावला. आजोबांनी झिल्याकडे पाहिलं. मग वसूकडे. एक क्षण, फार तर दोन. आणि मग डोळे मिटून त्यांनी भैरवी म्हटली.

वसू धावत काचेशी गेली. कंकण खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. ते एक तास नऊ मिनिटं तसंच पेटलेलं राहिलं. पाच मिनिटं थांबली असती तर तिचं काहीही हुकलं नसतं.

सगळ्यांत शेवटी आजोबा आले, झिल्याच्या खांद्यावर हात ठेवून. “छान दिसतंय गं,” म्हणाले. एवढंच.

“यंत्र शेवटी यंत्रच,” परुळेकरकाका मागून पुटपुटले. “नावाडी नदीत, आणि हा भैरवीत!”

वसूनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

तेव्हापासून गावात ती थट्टाच होऊन बसली. कुणी कामाला उशिरा आला की म्हणायचे, “काय राव, अजून नदीतच?” आणि परुळेकरकाका रोज न चुकता झिल्याला विचारायचे, “आज भैरवी कधी? आमटीआधी की भातानंतर?” झिल्या उत्तर द्यायचा, “आज भैरवी नाही.” त्याला चिडवणं कळत नव्हतं. वसूला कळत होतं.

पुढच्या पौर्णिमेला आजोबांचा घसा बसला तो बसलाच. चंद्रावरची धूळ काचेच्या भुग्यासारखी असते. वीस वर्षं ती थोडीथोडी त्यांच्या घशात उतरत होती. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलत. येत्या एकादशीच्या यानानं त्यांना पृथ्वीवर नेणार होते, आणि त्या वयात खाली गेलेली माणसं पुन्हा वर येत नाहीत, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

नावाडी अजून नदीतच होता. वसूला तो आजोबा जाण्यापूर्वी काठाला लावायचा होता.

तिनं वही मागितली तेव्हा आजोबांनी कशाला असं विचारलंसुद्धा नाही. पाटीवर लिहिलं, ‘घे.’ पद असं का वाजतं, हे त्यांनाच विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे बटणाचं सांगावं लागणार. आणि तेवढं धैर्य तिच्याकडे अजून नव्हतं.

“झिल्या,” ती म्हणाली, “प्रत्येक ओळ दोनवर येऊन थांबते बघ. आणि तिथं बसतच नाही. उंबऱ्यावर पाय अडकल्यासारखं वाटतं.”

“तंबोरा कोणता लावलास?”

“माझा नेहमीचा. पांढरी एक.”

“म्हणजे सा कुठे?”

“एकवर. सा नेहमी एकवरच असतो.”

“असं कुणी सांगितलं?”

वसू थबकली. कुणीच सांगितलं नव्हतं. ती एकवरून शिकली होती, म्हणून तिच्यापुरता सा एकवर होता.

“चल,” झिल्या म्हणाला, “जरा पाय मोकळे करू.”

शशिग्रामचा मधला रस्ता गोल आहे, बांगडीसारखा. त्यावर बारा दारं. सात पांढरी, त्यांत माणसं राहतात. पाच काळपट, त्यांत सामान असतं. कुणाला कोणतं दार द्यायचं याची यादी वीस वर्षांपूर्वी आजोबांनीच केली होती, आणि करताना म्हणे ते गालातल्या गालात हसत होते. वसूच्या घरापासून निघालं की पुढं एक कोठार, मग आजोबांची खोली. पुन्हा कोठार, मग तिसरं घर. तिसऱ्याला लागूनच चौथं, मध्ये कोठार नाही.

“हे तर पेटीसारखं आहे!” वसू ओरडली.

“बारा वर्षं मी या दारांसमोरून गाळण्या घेऊन जातोय,” झिल्या म्हणाला, “मलाही गेल्याच आठवड्यात लक्षात आलं. आता तुझ्या दाराशी उभी राहा. पुढच्या प्रत्येक पांढऱ्या दारापर्यंत किती दारं ओलांडलीस ते मोठ्यानं मोज.”

वसू मोजत निघाली. दोन. दोन. मग एकच. पुन्हा दोन, दोन, दोन. शेवटी एक, आणि ती फिरून स्वतःच्या दाराशी.

“म्हणजे घरं सारख्या अंतरावर नाहीत,” झिल्या म्हणाला. “सारखी असती तर कुठूनही निघालीस तरी फरक पडला नसता. आता आजोबांच्या दारापासून निघ.”

आजोबांचं दार बंद होतं. आतून पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. वसू दबक्या पावलांनी निघाली. दोन. एक. दोन, दोन, दोन. एक. दोन.

“तुझ्या घरापासून तिसरं घर किती दारांवर होतं?”

“दोन आणि दोन, चार.”

“आणि आजोबांच्या घरापासून तिसरं?”

“दोन आणि एक... तीन!” वसूचे डोळे मोठे झाले. “घरं तीच आहेत. पण तिसरं एक दार अलीकडे आलं!”

“तिसरा सूर म्हणजे गंधार. चार दारांवरचा तो शुद्ध गंधार. तीन दारांवरचा तो कोमल (आपल्या जागेवरून थोडा खाली उतरलेला). आता सातवं घर मोज.”

सातवं तिच्या घरापासून अकरा दारांवर होतं, आजोबांच्या घरापासून दहावर. म्हणजे निषादही उतरला, तोही कोमल. दुसरं, चौथं, पाचवं आणि सहावं घर मात्र दोन्हीकडून सारख्याच अंतरावर निघालं. वसूनं दोनदा मोजून खात्री केली, कारण सहाव्याबद्दल तिला उगाचच शंका होती.

“सूर बदलले नाहीत, निघायचं घर बदललं,” ती हळूच म्हणाली.

“आणि ते घर कोणतं, हे सांगतो तंबोरा. त्याचा सूर सारखा मागं चालू असतो, म्हणून कान प्रत्येक स्वर त्याच्यापासून मोजतो. तू आजोबांचं पद तुझ्या दारापासून मोजत होतीस.”



दोघं परत आली. झिल्यानं तंबोरा पांढरी दोनवर नेला. वसूनं त्याच पट्ट्या, तेच आकडे, त्याच सावकाश चालीत वाजवले. २ ३ ४, ४ ३ २. आणि चारवर बोट पडलं मात्र, हरवलेलं दुःख तिथंच सापडलं. ओळ दोनवर आली आणि बसली. अगदी घरी आल्यासारखी बसली.

“ही पट्टी तीच ना रे? मघाचीच?”

“तीच. मघाशी तुझा सा एक होता, तेव्हा ती मध्यम होती. आता ती कोमल गंधार आहे. थरथर तेवढीच, नातं वेगळं.” झिल्यानं आपल्या छातीवरच्या पडद्यावर दोन लाटा काढून दाखवल्या. “सा जेवढ्या वेळात चारदा थरथरतो, तेवढ्यात शुद्ध गंधार पाचदा थरथरतो. कोमल गंधाराचं मात्र असं : सा पाचदा, तेव्हा तो सहादा. सा एका सेकंदात दोनशे चाळीस वेळा थरथरला तर शुद्ध गंधार तीनशे आणि कोमल दोनशे अठ्ठ्याऐंशी. फक्त बाराचा फरक. तुमच्या पेटीत तो किंचित इकडेतिकडे होतो, पण कान समजून घेतो.”

“आणि एवढ्यानं वाईट वाटतं?”

“ते मोजता येत नाही,” झिल्या प्रामाणिकपणे म्हणाला. “गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध, या सुरांच्या कुटुंबाला काफी म्हणतात. माझ्याकडे काफीतली होळीची गाणी आहेत, ती ऐकून लोक नाचतात. त्यामुळे कोमल स्वर म्हणजे रडणं, असा नियम मांडता येत नाही. तो कसा वापरता त्यावर आहे. होळीत गंधाराला नुसतं शिवून पळतात. तुझ्या आजोबांनी बघ, चार आकडा दोनदा लिहिलाय. तिथं थांबायचं, आणि मग तीनवरून दोनवर सावकाश उतरायचं. मान खाली घातल्यासारखं.”

वसूनं तसं करून पाहिलं. चारवर थांबली. भाता हळूच दाबला. उतरली.

“आणि हा सात कशाला? ६ ७ ६. तो वर का जातो?”

“तो शुद्ध धैवत. सहावं घर. तू दोनदा मोजलंस ते.” झिल्यानं क्षणभर विचार केला, म्हणजे त्याचा हिरवा दिवा मिणमिणला. “मी त्या जागी कोमल धैवत वाजवतो. फरक ऐक.”

त्यानं वाजवलं. सगळी दारं आतून कड्या लावून घेतल्यासारखी वाटली.

“नको, नको. हे फार अंधारलं. परतीची वाटच नाही यात.”

“आता आजोबांचं.”

शुद्ध धैवत लागला. खाली घातलेली मान कुणीतरी हनुवटीला बोट लावून वर करावी, तसा. क्षणभरच; ओळ लगेच पुन्हा गंधारावर उतरली. पण त्या एका क्षणात काठ दिसून गेला.

वसूला आजोबांचं एक वाक्य आठवलं. ते पूर्वरंगात नेहमी म्हणत : ज्याला क्षमा मिळेल अशी आशाच नाही, तो नुसता रडतो, पश्चात्ताप त्यालाच होतो ज्याला ठाऊक असतं की देवानं दार उघडं ठेवलंय. तेव्हा तिला ते कंटाळवाणं वाटलं होतं. तेव्हा ती बटणाकडे बघत बसली होती.

“झिल्या,” ती म्हणाली, “तू कुणाला सांगितलं का नाहीस? बटण मी दाबलं ते.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“मला वाईट वाटत नाही. पण रोज आमटीच्या वेळी तू खाली बघतेस, याची नोंद माझ्याकडे आहे. एकशे अठरा वेळा.”

यान निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, जेवणघरातली टेबलं पुन्हा भिंतीला लागली. पौर्णिमा नव्हती. वसूनंच घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावलं होतं. आजोबांना खुर्चीवर बसवलं. मांडीवर पाटी, गळ्याभोवती पांढरी पट्टी. परुळेकरकाका तबल्याचं गवसणं काढत म्हणाले, “काय झिलोबा, आज तरी नावाडी काठाला लागू दे हो. का पुन्हा मध्येच हात जोडायला लावणार?”

लोक हसले. वसू उभी राहिली.

“झिल्याची चूक नव्हती,” ती म्हणाली. “त्या दिवशी भैरवीचं बटण मी दाबलं. आजोबांनी थांबायला सांगितलं होतं तरी दाबलं. मला कंकण बघायचं होतं.”

हसू विरलं. परुळेकरकाकांचा हात तबल्यावर तसाच राहिला. “अगं पोरी...” ते म्हणाले, आणि मग झिल्याकडे वळले. “चार महिने तुला छळलं रे बाबा. माफ कर.”

“नोंद केली,” झिल्या म्हणाला.

वसूला आजोबांकडे बघायचा धीर होईना. ती पेटीपाशी बसली. “नावाडी अर्ध्या नदीत आहे,” ती आजोबांसारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, पण आवाज तिचाच बारीक निघाला. “त्यानं नाव वळवलीय. आता तो म्हणतो...”

झिल्यानं तंबोरा धरला. पांढरी दोन. वसू गाऊ लागली.

“वळविली नाव । दूर राहे तीर ।
क्षमेला उशीर । नको लावू ॥”

ती गंधारावर थांबली. मान खाली घातल्यासारखी सावकाश उतरली. दुसऱ्यांदा धैवतावर गेली तेव्हा तिचा आवाज चिरकला, पण कुणी हललं नाही. मागून झिल्यानं ध्रुपद धरलं, मग परुळेकरकाकांनी, मग सगळ्या जेवणघरानं. शेवटची ओळ दोनवर येऊन बसली. नावाडी काठाला लागला. म्हातारा भाविक तिथंच बसून होता. तो कुठेच गेला नव्हता.

मग ती आजोबांजवळ गेली. त्यांचे गाल ओले होते आणि ते हसत होते.

“आजोबा, एक विचारू? तुम्ही नेहमी काळी एकमध्ये गाता. मग हे एकच पद पांढरी दोनमध्ये का?”

आजोबांनी पाटी पुसली. बराच वेळ लिहीत राहिले. मग पाटी तिच्याकडे फिरवली.

‘तू काळ्या पट्ट्यांना भितेस. काफी एकवरून वाजवायची तर दोन काळ्या लागतात. दोनचा सा धरला की एकही नाही. त्या दिवशी शेवटी पेटी तुझ्यासमोर ठेवणार होतो. मी गाणार, तू वाजवणार.’

वसूनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. ते आता होणार नव्हतं. तो आवाज आणि तिची बोटं एका पदात कधीच भेटणार नव्हती, आणि एवढं नुकसान भरून काढणारी पट्टी कुठल्याच पेटीत नव्हती. ती आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि त्यांनी तिला रडू दिलं.

थोड्या वेळानं त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. लोक अजून बसलेले होते. कीर्तन संपलं नव्हतं. आजोबांनी पेटीकडे बोट दाखवलं आणि मग हात वर करून तीन बोटं उभी केली.

वसूला काही समजेना. तीन काय? तीन वेळा म्हणू? आणि मग तिला तो गोल रस्ता आठवला. तिसरं दार.

ती पेटीपाशी गेली. तंबोरा तिनं स्वतः तीनवर नेला. त्याच पांढऱ्या पट्ट्या, त्याच एकामागून एक वाजवल्या. तीन, चार, पाच, सहा... आणि जेवणघरात भैरवी उमटली. एकही काळी पट्टी नाही. रिषभ कोमल, गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कोमल. सगळं काही वाकून नमस्कार करणारं.

माणसं आपोआप उठली. हात जुळले. वसूच्या बोटांना मात्र पहिल्यांदाच घाई नव्हती. ही संपली की आजोबांचं कीर्तन संपणार होतं. तिनं प्रत्येक सूर जितका धरता येईल तितका धरला. आजोबांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण कुठल्या ओळीला ते कुठे होते, हे तिला बरोबर कळत होतं.

यान गेलं त्याला महिना झाला. आजोबांच्या खोलीचं दार बंद असतं. वसू रोज तिथून निघून गोल रस्त्यावर चालते. चौथ्या दारापासून निघालं की कल्याण, पाचव्यापासून खमाज, सहाव्यापासून आसावरी. तीच दारं. परुळेकरकाका म्हणतात, ही पोरगी चालून चालून फरशी झिजवणार.

काल पृथ्वीवरून चित्र आलं. मालवणचं अंगण, आणि त्यात आजोबांनी छातीशी धरलेली पाटी.

‘सातव्या दारापासून निघून बघ. एका घरापाशी अडशील. का, ते शोध. मला सांग. घाई नाही.’

वसू सातव्या दाराशी उभी राहिली. मागं झिल्या, हातात गाळणी. ती मोजत निघाली. पाचवं घर म्हणजे पंचम. तो प्रत्येक वेळी सात दारांवर असायचा. आज तो सहाव्यातच आला.

ती थांबली. मग वळली आणि पुन्हा पहिल्यापासून, एकेक दार हातानं शिवत, सावकाश मोजू लागली.